पट्टी तोडली नव्हती

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत
आमच्या दुकानाच्या पाटीला आता दोन बाजू आहेत.
पुढून रिचार्ज, मोबाईल कव्हर, झेरॉक्स.
मागून, त्याच पत्र्यावर, अजून पुसट वाचता येतं:
पराते व्हिडिओ. कॅसेट रिवाइंड करूनच आणावी,
नाहीतर दोन रुपये दंड.

बापाचा हातमाग निघाला
त्याच खोलीत मी रॅक ठोकले.
तो म्हणाला, धागा सोडून फीत धरली तू,
पण जोडशील तिथं गाठ दिसणारच.
दिसायची. नायिका दार उघडायला उठायची
आणि एकदम हॉस्पिटलात असायची.
गिऱ्हाईक समजून घ्यायचं.

मे महिन्यात व्हीसीआर आणि तीन सिनेमे,
रात्रीचे साठ रुपये. हातगाडीवर रजईत गुंडाळलेला टीव्ही.
निमज्यांच्या आवारात कूलर असा घरघरायचा
की संवाद कुणालाच ऐकू यायचे नाहीत,
आणि कूलर बंद करा म्हणायची कुणाची छाती नव्हती.
तिसऱ्या सिनेमाला अख्खी गल्ली घोरत असायची.
जागी फक्त चंद्रभागा, हेडाऊंची नवी सून,
मांडीवर कुणाचं तरी पोर.

कुणाला काय लागतं ते मला पाठ होतं.
चंद्रभागेला रडायचं, पण शेवट गोड.
पोस्टातल्या सहारे साहेबांना रात्री उशिराचं काहीबाही,
वर भक्तिपटाचं कव्हर चढवून.
आता फोन सांगतो, हे पाहिलंत तर तेही पाहा.
बरोबर सांगतो बहुतेक.
साहेबांची लाज तेवढी त्याच्या हिशेबात नाही.

गेल्या गुरुवारी चंद्रभागेची आचल आली,
पिशवीत लग्नाची कॅसेट.
पेनड्राइव्हवर टाकून द्या काका,
आईच्या वाढदिवसाला भिंतीवर दाखवू.
फितीवर पांढरी बुरशी. स्पिरिट, कापूस,
एक दुपार पंख्याखाली.

सात मिनिटं लग्न चाललं.
दोन मामा अंतरपाट धरून उभे,
मंगलाष्टकं संपत आलेली, आता पडणार,
तेवढ्यात झिरमिर,
आणि एका गोदामात खलनायक पेट्रोल ओतायला लागला.
खाली सरकत्या पट्टीवर महालातला साड्यांचा सेल.

हेडाऊला मी तेव्हाच सांगितलं होतं:
कॅसेटच्या पाठीवरची ती बोटभर पट्टी तोडून टाक,
मग हिच्यावर कुणालाच काही भरता येत नाही.
म्हणाला, तोडतो ना बाप्पा, घाई काय हाय.
त्याला जाऊन आता नऊ वर्षं.

आचलचा चेहरा पाहवेना.
तिनं आईला फोन लावला, स्पीकरवर.
पलीकडे आधी कुकरची शिट्टी, मग चंद्रभागा:
माहीत हाय मले. कोरी कॅसेट नव्हती त्या रात्री,
अन् केबलवर तो लागला होता.
मीच म्हटलं त्यायले, याच्यावरच भरा.
लग्न तर होऊन गेलं होतं ना.
सिनेमा पुन्हा लागन का नाही, कोणाले माहीत?

मग सगळंच उतरवलं.
फीत घाई करत नाही, तीन तासांचे तीन तासच घेते.
शेजारी स्टुलावर माझा नातू
फोनवर कुठलीशी मालिका दीडपट वेगानं संपवत होता.
मध्येच फोन थांबला आणि त्याला विचारलं,
अजून पाहताय का?
त्यानं न बघता बोट टेकवलं.

गोदाम जळालं. नायक वाचला. सगळे हसले.
पुन्हा झिरमिर,
आणि फितीच्या उरल्या टोकाला पंगत निघाली,
सिनेमा जिथवर पोचला नव्हता तिथली.
हेडाऊ बुंदी वाढतोय, बाह्या सरसावून.
कॅमेऱ्याकडे वर पाहतो, काहीतरी म्हणतो.
बँडच्या आवाजात ऐकू येत नाही.
दोनदा मागे नेऊन पाहिलं.
ओठांवरून वाचायची सवय आहे आम्हाला,
पण नाही कळलं.

आचल पेनड्राइव्ह घेऊन गेली,
कॅसेट राहू द्या म्हणाली.
मी ती शेवटापासून पार सुरुवातीपर्यंत
रिवाइंड केली,
आणि ती पट्टी स्क्रूड्रायव्हरनं तोडली.